गायक सोडून गेला, बँडचं नाव ठेवायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीतला पाच जणांचा रॉक बँड. स्वतःची आठ-नऊ मराठी गाणी, बाकी कव्हर्स, म्हणजे इतरांची गाणी. मुख्य गायक नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिथे स्वतःचे कार्यक्रम करणार आहे. उरलेल्या चौघांच्या हातात गणपतीतल्या तीन सुपाऱ्या आणि एका कॉलेजचं गॅदरिंग आहे, आणि हे सगळं जुन्या नावावर घेतलेलं. नवी गायिका मिळाली आहे. नाव तेच ठेवावं की बदलावं?

माझं मत: ठेवा. पण गाणी ज्यांनी बांधली ते लोक बँडमध्ये उरले असतील तरच. गायक किती लोकप्रिय होता हा प्रश्न दुसरा. आधी कागद घेऊन बसा आणि स्वतःच्या प्रत्येक गाण्यापुढे लिहा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, मुख्य रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) कोणाचा, मांडणी कोणी केली. नऊपैकी सहा-सात गाण्यांत चाल आणि रिफ उरलेल्या चौघांचे निघाले, तर बँड तुमच्याकडेच आहे. शब्द आणि चाल दोन्ही बहुतेक त्याच्याच निघाल्या, तर तुमच्याकडे उरते ती साथ, आणि मग जुन्या नावाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

ही कसोटी हवेतली नाही. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. शब्द बरेचसे त्याचे असत, पण ज्या रिफवर तो बँड उभा होता ते अँगस आणि माल्कम यंग या भावांचे. ब्रायन जॉन्सनला घेऊन त्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये ‘बॅक इन ब्लॅक’ काढला आणि तो त्यांचा सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. दुसरीकडे द डोअर्स. जिम मॉरिसन १९७१ मध्ये गेल्यावर उरलेल्या तिघांनी त्याच नावाने दोन अल्बम काढले. वादक तेच, कसबही तेच, पण लोकांच्या मनातला डोअर्स त्या शब्दांत आणि त्या आवाजात होता. १९७३ मध्ये त्यांनी काम थांबवलं.

कसोटी पुरेशी नाही हेही सांगितलं पाहिजे. जेनेसिसमधून १९७५ मध्ये पीटर गॅब्रिएल बाहेर पडला, ड्रमर फिल कॉलिन्स गाऊ लागला आणि बँड आणखी मोठा झाला. कॉलिन्सही १९९६ मध्ये गेल्यावर टोनी बँक्स आणि माइक रदरफर्ड हे मूळचे गाणी बांधणारे दोघेही होतेच. त्यांनी रे विल्सन हा नवा गायक घेऊन १९९७ मध्ये अल्बम काढला, पण अमेरिकेचा दौरा तिकिटं खपत नाहीत म्हणून रद्द करावा लागला. पहिल्या वेळी नवा आवाज बँडच्या आतून आला होता आणि लोकांच्या ओळखीचा होता. दुसऱ्या वेळी श्रोत्यांना बँड म्हणजे कॉलिन्स एवढंच माहीत होतं. म्हणून गाण्यांच्या यादीनंतर दुसरा प्रश्न विचारा: तुम्हाला बोलावणारे लोक बँडला बोलावतात की त्याला? तीन मंडळांच्या कार्यकर्त्यांना फोन करून सरळ सांगा की गायक बदलला आहे, कार्यक्रम हवा आहे का. त्यांचं उत्तर तुमच्या आपसातल्या चर्चेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

खरं तर हा पेच सांगलीकरांना नवा असायचं कारण नाही. किर्लोस्कर नाटक मंडळी अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेल्यावरही त्याच नावाने चालली. १९१३ मध्ये बालगंधर्व बाहेर पडले, त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि जुनं नाव जुन्या कंपनीकडे राहिलं. १९१८ मध्ये मास्टर दीनानाथ त्याच किर्लोस्करमधून निघाले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. केशवराव भोसले १९२१ मध्ये गेले, तरी ललितकलादर्श हे नाव बापूराव पेंढारकरांनी पुढे चालवलं. जाणारा कितीही मोठा गायक असो, तो नवं नाव घेतो आणि संस्था आपलं नाव राखते, ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. पुण्याला गेलेल्या तुमच्या मित्राशी बोलताना ती जरूर सांगा. परदेशी बँडच्या दाखल्यांपेक्षा ती लवकर पटेल.

आता कागदपत्रं. मैत्री टिकून आहे तोवरच हे करून घ्या.

पाच जण मिळून कार्यक्रम घेतात आणि पैसे वाटून घेतात, तेव्हा लेखी काही नसलं तरी त्याकडे भागीदारी म्हणून पाहिलं जाऊ शकतं. भागीदारी कायदा १९३२ प्रमाणे फर्मचं नाव आणि त्यामागची पत ही फर्मची मालमत्ता धरली जाते. कलम ३६ सांगतं की बाहेर पडलेला भागीदार त्याच प्रकारचा धंदा करू शकतो, पण वेगळं ठरलेलं नसेल तर फर्मचं नाव वापरू शकत नाही आणि आपण फर्मच चालवतोय असं भासवू शकत नाही. म्हणजे त्याने पुण्यात रॉक गाण्याला तुमची हरकत चालणार नाही, पण तुमच्या नावाने गाण्याला हरकत चालेल. डीप पर्पलच्या पहिल्या गायकाने, रॉड इव्हान्सने, १९८० मध्ये नवखे वादक घेऊन त्या नावाने कार्यक्रम केले, तेव्हा न्यायालयाने ६,७२,००० डॉलरची भरपाई लावली होती.

उलट बाजूही तितकीच खरी. सगळ्यांची संमती लागेल असं आधी ठरलं असेल तर बहुमत कामाला येत नाही. डोअर्सच्या दोघांनी २००२ पासून ‘द डोअर्स ऑफ द ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी’ नावाने दौरे सुरू केले, तर ड्रमर जॉन डेन्समोर कोर्टात गेला आणि जिंकला. त्यांना ते नाव सोडावं लागलं. तुमच्या पाच जणांत व्हॉट्सॲपवर का होईना, कधी असं काही ठरलं होतं का ते जुने मेसेज चाळून पाहा. वाद झालाच तर तेही पुढे येईल.

करार मराठीतच करा, ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, पाचही जणांच्या सह्या आणि दोन साक्षीदार, शक्यतो नोटरीसमोर. मजकूर असा चालेल:

‘आम्ही खाली सह्या करणारे, “अमुक” या बँडचे आजवरचे सदस्य, असे ठरवतो की दिनांक … पासून या नावाने कार्यक्रम करण्याचा, गाणी प्रसिद्ध करण्याचा आणि नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्याचा हक्क अ, ब, क, ड यांच्याकडे एकत्रितपणे राहील. य यांना स्वतःच्या जाहिरातीत “अमुक बँडचे माजी गायक” एवढेच शब्द, स्वतःच्या नावापेक्षा लहान अक्षरांत, वापरता येतील. परिशिष्टात दिलेल्या ध्वनिमुद्रणांच्या उत्पन्नातला य यांचा वाटा पूर्वीप्रमाणे चालू राहील. परिशिष्टातली य यांनी लिहिलेली गाणी बँडला कार्यक्रमांत गाता येतील. अ, ब, क, ड यांच्यापैकी दोनपेक्षा कमी सदस्य बँडमध्ये उरल्यास हे नाव कोणीही वापरणार नाही.’

शेवटची ओळ वगळू नका. गायक गेला, मग बासवाला गेला, मग ड्रमर, असं एकेक करत शेवटी नावाशी संबंध नसलेले चौघे ते नाव मिरवतात, आणि ते रोखायला तेव्हा कोणी उरत नाही. परिशिष्टात सुरुवातीला केलेली गाण्यांची यादी जोडा, आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणी किती केला तेही लिहा. त्याचे शब्द असलेलं गाणं नव्या गायिकेने गायचं, तर त्याची परवानगी हवी, कारण शब्दांचा कॉपीराइट त्याचाच. जुन्या ध्वनिमुद्रणात त्याचा आवाज आहे, तिथे त्याला कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत. ‘आम्ही पैसे भरून रेकॉर्ड केलं, त्याचा आता काय संबंध’ हे चालत नाही. वाटाघाटीत हवं तर काही सोडा. पिंक फ्लॉइडमधून रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला, नावावरून कोर्टात गेला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. नाव डेव्हिड गिल्मर आणि निक मेसन यांच्याकडे राहिलं आणि ‘द वॉल’चे मंचीय हक्क वॉटर्सकडे गेले. तुमच्याकडेही एखाद-दोन गाणी अशी असतील की ती त्याचीच वाटतात. ती त्याला देऊन टाका आणि नाव मोकळं करून घ्या.

मग ट्रेडमार्क. फॉर्म टीएम-ए, वर्ग ४१, म्हणजे मनोरंजनाच्या सेवा. ध्वनिमुद्रणं विकत असाल तर वर्ग ९ सुद्धा. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी प्रत्येक वर्गाचे ४,५०० रुपये. भागीदारी फर्मच्या नावाने केलात तर ९,०००, पण उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर फर्मलाही ४,५०० च लागतात आणि उद्यम नोंदणी फुकट होते. अर्ज करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर वर्ग ४१ मध्ये नाव शोधा, स्पेलिंग बदलून आणि उच्चारानेही. ‘अमुक सालापासून वापरतोय’ असं लिहायचं असेल तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावा लागतो: जुन्या फ्लेक्सचे तारखेसह फोटो, आयोजकांची बिलं, पावत्या. हे आजच एका फोल्डरमध्ये जमवा. तपासणीत आक्षेप आला तर उत्तराला एक महिना मिळतो. ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर चार महिने विरोधाची मुदत असते. नोंदणी दहा वर्षांची. तोपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लावा. गोलातलं ‘आर’ नोंदणीआधी लावणं गुन्हा आहे. ‘सांगली रॉक बँड’सारखं नुसतं वर्णन करणारं नाव असेल, तर नोंदणीची आशा फार धरू नका. आणि नावात गायकाचंच नाव असेल, ‘अमका आणि पार्टी’ अशा धर्तीचं, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४ नुसार हयात माणसाची, किंवा गेल्या वीस वर्षांत वारलेल्याच्या वारसांची, संमती मागितली जाऊ शकते. अशा वेळी नाव बदलणं हाच सरळ मार्ग.

सोशल मीडियाची खाती कराराच्याच दिवशी ताब्यात घ्या, कारण भांडणं इथेच पेटतात. इन्स्टाग्रामचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो, पण ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो. ईमेल आणि मोबाइल दोन्ही बदलून घ्या. यूट्यूब चॅनल त्याच्या वैयक्तिक जीमेलवर उघडलेलं असेल, तर आधी ते ब्रँड अकाउंटवर, म्हणजे अनेकांना मिळून चालवता येणाऱ्या खात्यावर, हलवावं लागतं, मग तुमच्यापैकी एकाला मालक म्हणून जोडायचं, आणि किमान सात दिवस झाल्यावर त्याला मुख्य मालक करता येतं. म्हणजे ‘नंतर करू’ म्हणून चालणार नाही. गाणी ज्या डिस्ट्रिब्युटरमार्फत स्पॉटिफायवर टाकली, ते खातं कोणाचं आणि पैसे कोणाच्या बँकेत जातात हे पाहा. खातं बदलताना गाणी पुन्हा चढवावी लागली तर जुनेच आयएसआरसी कोड (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) आणि तीच ऑडिओ फाइल वापरा, नाहीतर ऐकले गेल्याचे आकडे शून्यापासून सुरू होतात.

इतकं झालं तरी नाव टिकतं ते मंचावर, आणि पुरुष गायकाच्या जागी गायिका आली की सगळ्यात मोठी अडचण पट्टीची असते.

समजा एक गाणं ई मध्ये आहे, म्हणजे पांढरी तीनमध्ये, आणि रिफ गिटारच्या सहाव्या, सगळ्यात जाड, मोकळ्या तारेवर बांधलेला आहे. गायिकेला ते ए मध्ये, पांढरी सहामध्ये, सोपं जातं. पहिला मोह होतो कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, गिटारच्या दांड्यावरच्या पाचव्या पट्टीवर (फ्रेटवर) लावायचा. ते करू नका. रिफ पातळ होतो, खर्ज जातो आणि गाणं बालगीतासारखं वाजू लागतं. ई पासून ए पर्यंत पाच स्वरांतरं, म्हणजे पाच अर्धे स्वर, आहेत, आणि गिटारची पाचवी तार मोकळी वाजवली की ए च येतो. त्यामुळे तोच रिफ त्याच बोटांनी एक तार खाली सरकवा, सहावीवरचा पाचवीवर आणि पाचवीवरचा चौथीवर. मोकळ्या तारेची घोंघावणारी ताकद टिकते. फक्त तिसरी आणि दुसरी तार यांच्यातलं अंतर चारच स्वरांतरांचं असल्यामुळे दुसऱ्या तारेवर येणारा स्वर एक पट्टी पुढे धरावा लागतो. नेमकं तिथेच बेसूर होतं. बास गिटारवाल्याने मात्र मोकळ्या ए वर समाधान मानू नये. कडव्यात मोकळा ए, आणि धृपदात जाडी हवी तिथे चौथ्या, म्हणजे ई च्या तारेवर पाचव्या पट्टीचा ए घ्यावा. स्वर तोच, पण आवाज जाड येतो.

पुरुष गायकच आला आणि त्याचा आवाज जरा खालचा असेल, तर सगळ्या गिटार अर्ध्या स्वराने उतरवणं सर्वात सोपं, १०–४६ जाडीच्या नेहमीच्या तारा तेवढं सहन करतात. पूर्ण स्वर उतरवायचा तर ११ चा सेट घाला. तीन स्वरांतरं, म्हणजे ई वरून काळी एकवर यायचं, तर १२ च्या वरचा सेट, नट (तारा जिथून दांड्यावर येतात ती खाचांची पट्टी) घासून घेणं आणि सॅडल (तारांचा खालचा टेकू) हलवून इंटोनेशन, म्हणजे दांड्यावर सगळीकडे सूर बरोबर येणं, पुन्हा बसवणं, एवढं सगळं करावं लागतं. न केल्यास सूर पहिल्या पट्ट्यांवर ठीक आणि बाराव्या पट्टीवर फाटका येतो. बॅकिंग ट्रॅक (आधीच ध्वनिमुद्रित केलेली साथ) वापरत असाल तर सॉफ्टवेअरने दोन स्वरांतरांपर्यंत सरकवलेलं चालून जातं. त्यापुढे गेलात तर झांजा पाण्याखाली वाजवल्यासारख्या ऐकू येतात. तो ट्रॅक नव्यानेच करा.

पट्टी जमली तरी शब्द अडतात. तार सप्तकातल्या लांब स्वरावर ‘इ’ किंवा ‘उ’ आला की आवाज आवळतो. ‘आ’ किंवा ‘ओ’ वर संपणारा शब्द तिथे आणता येतो का ते गीतकाराबरोबर बसून पाहा, आणि गीतकार तोच गेलेला मित्र असेल तर त्याला विचारूनच बदल करा. साउंडवाल्याकडे जुन्या गायकाची सेटिंग साठवलेली असेल, तर ती पुसायला सांगा. पुरुषाच्या जाड आवाजासाठी कापलेली फ्रिक्वेन्सी बाईच्या आवाजात नेमकी हवी असते. वीस गाण्यांचा जुना सेट ओढत बसू नका, बारा गाणी पक्की करा. त्यांत तिने पहिल्यापासून बसवलेली निदान दोन नवी असावीत, म्हणजे ऐकणारा सतत जुन्या आवाजाशी तुलना करत बसणार नाही. आणि गणपतीआधी पाच-सहा गाण्यांचा एक छोटा कार्यक्रम ओळखीच्या लोकांसमोर करा. पैसे घेऊ नका.

सुपाऱ्यांचं काय? त्या जुन्या संचावर दिलेल्या आहेत, हे विसरू नका. आयोजकाला लेखी कळवा: गायक बदलला आहे, सात दिवसांत नको म्हणालात तर ॲडव्हान्स पूर्ण परत. एखादं मंडळ मागे फिरेल. फिरू द्या. न सांगता चढलात तर मंचासमोरचे चारशे लोक पहिल्या कडव्याला ओळखतात, आणि उरलेले पैसे मागायला गेल्यावर कार्यकर्ते जे ऐकवतात ते ऐकून घ्यावं लागतं. यापुढच्या पत्रात एक ओळ कायम ठेवा: ‘संचातील कलाकार बदलल्यास आयोजकांना पंधरा दिवस आधी कळवले जाईल.’

फ्लेक्सवर नव्या गायिकेचं नाव बँडच्या नावाच्या निदान एक तृतीयांश उंचीच्या अक्षरांत हवं, आणि जुन्या गायकाचा फोटो कुठेही नको, कोपऱ्यातही नको. याबाबतीत क्वीनचा मार्ग मला सर्वांत सचोटीचा वाटतो. फ्रेडी मर्क्युरी शेजारच्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला आणि तिथल्याच मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानो वाजवू लागला. तो १९९१ मध्ये गेला. क्वीनमध्ये चौघेही गाणी लिहायचे, त्यामुळे ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचा नावावर पुरता हक्क होता. तरीही नव्या गायकांबरोबर उभे राहताना त्यांनी आधी ‘क्वीन अधिक पॉल रॉजर्स’ आणि नंतर ‘क्वीन अधिक ॲडम लॅम्बर्ट’ असंच छापलं. तिकीट घेणाऱ्याला काय मिळणार ते एका अधिक चिन्हात कळतं. पहिला हंगामभर तुम्हीही असंच लिहा. लोकांनी तिला आपलं मानलं की अधिक चिन्ह काढा.

गायक सोडून न जाता वारला असेल, तर हिशेब वेगळा. जॉय डिव्हिजनमध्ये आधीच ठरलं होतं की कोणी एक नसेल तर नाव वापरायचं नाही. मे १९८० मध्ये इयन कर्टिस गेल्यावर उरलेल्यांनी न्यू ऑर्डर हे नाव घेतलं आणि शब्द पाळला. लिंकिन पार्कने चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये गेल्यावर सात वर्षं थांबून २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँगबरोबर तेच नाव पुन्हा घेतलं. दिल्लीच्या इंडियन ओशनमधून असीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरमध्ये गेले, तर त्यांच्या एकट्याच्या जागी तबल्याला एक आणि गाण्याला एक असे दोघे आले आणि बँड त्याच नावाने चालू राहिला. घरच्यांना विचारल्याशिवाय, आणि त्याच्या गाण्यांचा वाटा त्यांच्याकडे पोचवायची सोय केल्याशिवाय, नाव वापरू नका. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला तिकीट लावलं तर पैसे कुठे जाणार ते फ्लेक्सवरच छापा.

नाव बदलायचंच ठरलं, तर पूर्ण बदला. जुन्या नावापुढे ‘न्यू’ किंवा ‘टू पॉइंट ओ’ जोडणं ही पळवाट आहे. नोंदणी नसलेल्या नावालाही कायद्यात संरक्षण असतं आणि गोंधळ होईल इतकं सारखं नाव त्यात अडकतं. नवं नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या साइटवर, यूट्यूबवर आणि इन्स्टाग्रामवर शोधा, आणि एका दमात माईकवरून उच्चारून पाहा. एक हंगाम फ्लेक्सवर खाली बारीक अक्षरांत ‘पूर्वीचे अमुक’ लिहा, तेही गेलेल्या गायकाच्या लेखी संमतीने. जुनी गाणी जुन्याच प्रोफाइलवर राहू द्या आणि तिथून नव्याकडे दुवा द्या.

तुमच्या बाबतीत, पाठवलेल्या माहितीवरून चाली गिटारवाल्याच्या आणि शब्द निम्मे गायकाचे दिसतात. नाव ठेवण्याइतकं तुमच्याकडे आहे. या आठवड्यात पुण्याला जाऊन त्याच्यासमोर बसा, यादी आणि करार दोन्ही घेऊन जा, आणि त्याला हवी असलेली दोन गाणी आधीच बाजूला काढून ठेवा. सही झाल्याशिवाय फ्लेक्स छापायला टाकू नका.